शहरी निवासातील फर्निचर : मालकी की भाडे?

१. प्रश्नाचे स्वरूप

टिकाऊ वस्तू आणि त्या वस्तूपासून मिळणारी सेवा यांत अर्थशास्त्र भेद करते. पलंग विकत घेणारा मनुष्य वस्तुतः पुढील अनेक वर्षांच्या विश्रांतीची किंमत एकदम चुकती करीत असतो. तोच पलंग भाड्याने आणणारा मनुष्य तीच विश्रांती महिन्यामहिन्याने विकत घेत असतो. दोघांच्या उपभोगात फरक नसतो. फरक असतो तो वस्तूचे भांडवल कोणी गुंतवावे, तिच्यात होणारी घट कोणी सोसावी आणि गरज संपल्यावर तिची विल्हेवाट कोणी लावावी, या तीन बाबतींत.

महाराष्ट्राला घरगुती वस्तूंचे भाडे नवीन नाही. लग्नकार्यासाठी मांडव, बिछायत, गाद्या-लोड, मोठी पातेली व खुर्च्या भाड्याने आणण्याची रीत शहरांत व खेड्यांत सारखीच रूढ आहे. तिच्या मुळाशी असलेला हिशेब सोपा आहे. ज्या वस्तूची गरज वर्षातून दोन दिवस लागते, ती वर्षभर सांभाळणे कोणासही परवडत नाही. नवीन आहे ते नित्य वापराच्या वस्तूंचे भाडे. पलंग, कपाट, सोफा, लिहिण्याचे मेज या वस्तू मासिक दराने पुरविणाऱ्या फर्लेन्को व रेंटोमोजो यांसारख्या कंपन्या २०१० नंतरच्या दशकात बेंगळुरू येथे निघाल्या आणि पुढे मुंबई-पुण्यासह इतर शहरांत पसरल्या. जी वस्तू रोज लागते ती भाड्याने का घ्यावी, हा प्रश्न मांडव-बिछायतीच्या हिशेबाने सुटत नाही.

या प्रश्नाचे उत्तर देताना सामान्यतः मासिक भाड्यास महिन्यांच्या संख्येने गुणून तो गुणाकार वस्तूच्या किमतीशी ताडून पाहिला जातो. ही रीत सदोष आहे. तीत वस्तूच्या पुनर्विक्रीचे मूल्य, गुंतलेल्या पैशावरील व्याज आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे निवासाच्या मुदतीची अनिश्चितता, या तिन्ही गोष्टी सुटून जातात. फर्निचरचे भाडे हे मुख्यतः या अनिश्चिततेचे मूल्य होय, आणि ही अनिश्चितता पुष्कळ अंशी घरभाड्याच्या कायद्यातून व प्रथेतून निर्माण झाली आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

२. घराची मुदत व सामानाची मालकी

मुंबईतील जुन्या चाळींत वा इमारतींत राहणाऱ्या कुटुंबास फर्निचर भाड्याने घेण्याचा विचार कधी शिवला नाही. त्याचे कारण त्या काळच्या मनोवृत्तीत जितके शोधता येईल, तितकेच ते कायद्यातही शोधले पाहिजे. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने प्रमाण भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी जखडून टाकले आणि भाडेकरूस घरातून काढणे दुष्कर केले. पागडी देऊन मिळविलेली खोली एका कुटुंबाकडे दोन-तीन पिढ्या राही. घराची मुदत इतकी दीर्घ असल्यावर सागवानी पलंग किंवा लोखंडी कपाट विकत घेणे हेच शहाणपणाचे होते; त्यात गुंतलेला पैसा तीस-चाळीस वर्षांच्या वापरात विभागला जात असे.

याच कायद्यातील आणखी एक तरतूद येथे लक्षात घेण्याजोगी आहे. ‘जागा’ या शब्दाच्या व्याख्येत घरमालकाने पुरविलेल्या फर्निचरचाही अंतर्भाव होता. अर्थात मालकाने घरात सामान ठेवून दिले की तेही नियंत्रित जागेचा भाग ठरे. अशा स्थितीत मालकाने भाडेकरूसाठी नवे फर्निचर करून घ्यावे असे कोणतेही प्रयोजन उरत नव्हते.

१९७३ च्या दुरुस्तीने १ फेब्रुवारी १९७३ रोजी ताब्यात असलेल्या अनुज्ञप्तीधारकांनाही भाडेकरूचे संरक्षण दिले. आपण अल्प मुदतीसाठी दिलेली जागा कायमची जाईल, ही भीती त्यामुळे घरमालकांच्या मनात घर करून बसली. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने गोठविलेल्या प्रमाण भाड्याच्या तरतुदी आता वाजवी राहिल्या नसल्याचा निर्णय दिला. त्यानंतर १९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्याच्या कलम २४ अन्वये ‘लीव्ह अँड लायसन्स’ची मुदत संपताच मालकास सक्षम अधिकाऱ्यामार्फत जागा परत मिळविता येते, आणि जागा न सोडणाऱ्याकडून अनुज्ञप्ती शुल्काच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई घेता येते.

मुदत मात्र बहुधा अकरा महिन्यांचीच राहिली. एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी १९०८ च्या नोंदणी अधिनियमाने सक्तीची केली असल्यामुळे ती टाळण्यासाठी ही अकरा महिन्यांची रीत पडली होती. महाराष्ट्रात १९९९ च्या अधिनियमाच्या कलम ५५ ने असा प्रत्येक करार लेखी व नोंदणीकृत असणे आवश्यक केले. तेव्हा रीतीचे मूळ कारण गेले, पण रीत उरली. २०११ च्या जनगणनेनुसार भारतातील शहरी कुटुंबांपैकी सुमारे २७.५ टक्के कुटुंबे भाड्याच्या घरात राहत होती. त्यांपैकी जी कुटुंबे अशा अल्प मुदतीच्या करारावर राहतात, त्यांच्यापुढे दरवर्षी एकच प्रश्न उभा राहतो : पुढील वर्षी आपण याच घरात असू काय? फर्निचरचा प्रश्न या प्रश्नाच्या पोटातील आहे.

३. वापरखर्चाचा हिशेब

टिकाऊ वस्तूचा खरा खर्च तिच्या किमतीत नसून तिच्या वापरखर्चात असतो. डेल जॉर्गेन्सन यांनी १९६३ साली भांडवली गुंतवणुकीच्या संदर्भात ही कल्पना सुव्यवस्थित रूपाने मांडली. गुंतलेल्या पैशावर बुडालेले व्याज आणि त्या काळात वस्तूच्या मूल्यात झालेली घट यांची बेरीज म्हणजे वापरखर्च. वस्तू स्वतःची असली तरी तिचा मालक स्वतःस जणू हे भाडे देतच असतो. ते त्याच्या हिशेबाच्या वहीत दिसत नाही, इतकेच.

स्पष्टीकरणासाठी एक कल्पित उदाहरण घेता येईल. एका लहान सदनिकेपुरते पलंग, गादी, कपाट, सोफा, मेज व खुर्च्या यांची एकत्रित किंमत ६०,००० रुपये आहे असे धरू. विकावयास काढल्यास त्याचे एक वर्षाने ३०,०००, दोन वर्षांनी २४,०००, तीन वर्षांनी १८,००० व पाच वर्षांनी ९,००० रुपये येतात; व्याजाचा दर सरळव्याजाने द. सा. द. शे. ८ आहे, भाडे दरमहा २,५०० रुपये असून परत मिळणारी अनामत रक्कम ५,००० रुपये आहे. या गृहीतांवरून एकूण खर्च पुढीलप्रमाणे निघतो.

१ वर्ष : विकत घेतल्यास ३४,८०० रु.; भाड्याने ३०,४०० रु.
२ वर्षे : विकत घेतल्यास ४५,६०० रु.; भाड्याने ६०,८०० रु.
३ वर्षे : विकत घेतल्यास ५६,४०० रु.; भाड्याने ९१,२०० रु.
५ वर्षे : विकत घेतल्यास ७५,००० रु.; भाड्याने १,५२,००० रु.

(भाड्याच्या आकड्यांत अनामत रकमेवरील बुडीत व्याज धरले आहे.)

या आकड्यांतून दोन गोष्टी दिसून येतात. पहिली ही की मूल्यातील घट काळाच्या प्रमाणात सारखी होत नाही. पहिल्या वर्षी ३०,००० रुपये उतरणारे मूल्य पुढे वर्षाला ६,००० रुपयांनीच उतरते. दुकानातून घरी आलेला पलंग त्याच दिवशी ‘जुना’ होतो आणि या एका विशेषणाची किंमत फार मोठी असते. मालकीचा खर्च पहिल्या काही महिन्यांत एकवटलेला असतो. भाड्याचा खर्च दर महिन्यास सारखा चालू राहतो. दुसरी ही की दोन्ही खर्चांची बरोबरी सुमारे पंधराव्या महिन्यास होते. त्याआधी घर सोडावे लागणाऱ्यास भाडे लाभदायक, त्यानंतर राहणाऱ्यास मालकी लाभदायक. अकरा महिन्यांचा करार या सीमेच्या अलीकडे पडतो, आणि त्याचे एकदा नूतनीकरण झाले की बावीस महिने होऊन तो सीमेच्या पलीकडे जातो. निर्णय कठीण होण्याचे कारण नेमके येथे आहे.

विक्री सावकाशीने करता येत नाही ही वस्तुस्थितीही हिशेबात घेतली पाहिजे. आठवड्याच्या आत घर रिकामे करावयाचे असल्यास मिळेल त्या किमतीस सामान द्यावे लागते. वरील उदाहरणात अशा घाईच्या विक्रीत, सामान वर्षाचे असो वा दोन वर्षांचे, केवळ १५,००० रुपये हाती येतात असे धरल्यास बरोबरीची सीमा पंधरा महिन्यांवरून जवळजवळ एकवीस महिन्यांवर जाते. याउलट त्याच शहरात दुसऱ्या घरी जाण्याने फारसा फरक पडत नाही. सामान हलविण्यास ५,००० रुपये लागले, तरी दोन वर्षांचा मालकीचा खर्च ५०,६०० रुपयेच होतो व तो भाड्यापेक्षा कमीच राहतो. सारांश, ज्यास घर बदलावे लागण्याची भीती आहे त्याने नव्हे, तर ज्यास अल्पावधीत शहरच सोडावे लागण्याची शक्यता आहे, त्याने भाड्याचा विचार करणे सयुक्तिक ठरते.

४. जुन्या मालाचा बाजार

मालकी व भाडे यांखेरीज एक तिसरा मार्ग आहे आणि बहुतेक चर्चांत तो उपेक्षिला जातो. तो म्हणजे जुने फर्निचर विकत घेणे. वरील उदाहरणातील वर्षभर वापरलेले सामान मूळ मालकाकडून ३०,००० रुपयांस घेऊन व्यापाऱ्याने ते ४०,००० रुपयांस विकले, आणि ते घेणाऱ्याने आणखी एक वर्ष वापरून २४,००० रुपयांस काढून टाकले, तर व्याजासह त्याचा वर्षाचा खर्च १९,२०० रुपये, म्हणजे दरमहा १,६०० रुपये होतो. भाड्याहून हा खर्च बराच कमी आहे. पहिल्या वर्षातील मोठी घट आधीच्या मालकाने सोसलेली असल्यामुळे असे घडते.

असे असता सर्वजण जोगेश्वरीजवळच्या ओशिवरा येथील जुन्या फर्निचरच्या बाजारात का जात नाहीत? याचे उत्तर जॉर्ज अकरलॉफ यांच्या १९७० सालच्या प्रसिद्ध निबंधात सापडते. जुन्या वस्तूचे दोष विकणाऱ्यास माहीत असतात, घेणाऱ्यास नसतात. पलंगाच्या फटीत ढेकूण आहेत की नाहीत, कपाटाची पाठ पावसाळ्यात ओलीने फुगली होती की नाही, लाकडाच्या भुशापासून केलेल्या फळीतील स्क्रू एकदा निघाल्यावर पुन्हा पक्के बसतील की नाही, हे पाहून कळत नाही. घेणारा म्हणून सरसकट कमी किंमत देऊ करतो. त्या किमतीत चांगली वस्तू विकणे मालकास परवडत नाही. आणि बाजारात वाईट वस्तूंचे प्रमाण वाढते. शिवाय बाजारात हिंडण्याचा, घासाघीस करण्याचा व टेंपो आणि हमाल शोधण्याचा खर्च असतोच. परगावाहून नुकत्याच आलेल्या मनुष्यास तो अधिकच जाणवतो.

भाड्याने देणारी कंपनी ही एका दृष्टीने या बाजारातील अविश्वासावर काढलेला तोडगा आहे. तिने दिलेले सामानही अनेकदा दुसऱ्या घरातून परत आलेले असते. पण ते स्वच्छ व दुरुस्त करून देण्याची आणि नादुरुस्त झाल्यास बदलून देण्याची जबाबदारी ती पत्करते. दरमहा १,६०० व सुमारे २,५०० यांतील अंतर हे मुख्यत्वे या जबाबदारीचे मोल आहे. वस्तू पुन्हा पुन्हा तिच्याकडेच येणार असल्यामुळे ती टिकाऊ असण्यात कंपनीचा स्वार्थ असतो. ती विकून मोकळ्या होणाऱ्या दुकानदारास हा स्वार्थ तितकासा नसतो. याची दुसरी बाजू अशी की परक्याची वस्तू जपून वापरण्यात भाडेकरूचा स्वार्थ कमी असतो. अशा निष्काळजीपणाचा सरासरी खर्च कंपनी भाड्यातच धरते, आणि परिणामतः काळजीपूर्वक वापरणारा मनुष्य बेफिकीर मनुष्याचाही काही भार उचलीत असतो.

५. पत व व्याज

आतापर्यंत व्याजाचा दर ८ टक्के धरला होता. ज्याच्याजवळ बँकेत ६०,००० रुपये पडून आहेत त्याच्यापुरते हे ठीक आहे. पहिल्या नोकरीवर रुजू झालेल्या तरुणाजवळ घराची अनामत रक्कम व दलाली दिल्यावर शिल्लक राहत नाही. त्यास कर्ज काढून फर्निचर घ्यावे लागते. कर्जाचा दर २४ टक्के असून मुद्दल शेवटपर्यंत थकीत राहते असे धरल्यास, दोन वर्षांच्या मालकीचा खर्च ६४,८०० रुपये, म्हणजे भाड्याहून अधिक होतो, आणि बरोबरीची सीमा अडीच वर्षांच्या जवळ जाते. मुद्दल हप्त्याहप्त्याने फिटत गेल्यास ही सीमा काहीशी अलीकडे येईल. पण दिशा बदलणार नाही. एकच वस्तू, एकच भाडे, एकच मुदत. तरीही सधनास मालकी स्वस्त व निर्धनास भाडे स्वस्त, अशी स्थिती संभवते.

जेरी हाउसमन यांनी १९७९ साली अमेरिकेतील वातानुकूलन यंत्रांच्या खरेदीचा अभ्यास करून असे दाखविले होते की ग्राहक आजची बचत व उद्याचा खर्च यांची तुलना करताना जणू २० टक्क्यांच्या आसपासचा दर लावतात, आणि उत्पन्न जितके कमी तितका हा दर अधिक असतो. याकडे केवळ अदूरदृष्टी म्हणून पाहणे अन्यायाचे होईल. ज्यास स्वस्त कर्ज मिळत नाही त्याच्या दृष्टीने हातातील रोख रकमेचे मोल खरोखरच अधिक असते.

तथापि येथे एक विसंगती उद्भवते. भाड्याने सामान देणाऱ्या अनेक कंपन्या ओळखीचे पुरावे, नोकरीचा दाखला व पतगुणांक पाहून मगच करार करतात. वस्तू घेऊन नाहीशा होणाऱ्या ग्राहकांपासून त्यांस स्वतःचे रक्षण करावयाचे असते. परिणाम असा होतो की ज्यास बँक कर्ज देईल त्यासच भाड्याने पलंग मिळतो. रोजंदारीवर काम करणारा, पतीचा लेखी पुरावा नसलेला स्थलांतरित या सोयीच्या बाहेरच राहतो, आणि पतरी किंवा सतरंजीवर भागवितो.

६. कराराचे स्वरूप

फर्निचर भाड्याने घेणे हा १८७२ च्या भारतीय करार अधिनियमातील निक्षेपाचा व्यवहार आहे. त्याच्या कलम १५१ नुसार घेणाऱ्याने सामान्य विवेकी मनुष्य स्वतःच्या वस्तूची घेईल तितकी काळजी घ्यावयाची असते; त्याहून अधिक हमी त्याच्यावर लादावयाची तर तसा खास करार असावा लागतो. कलम १५० ग्राहकास अनुकूल आहे. वस्तू भाड्याने दिली असल्यास तिच्यातील दोषामुळे झालेल्या हानीस देणारा जबाबदार असतो, मग तो दोष त्यास ठाऊक असो वा नसो.

शुद्ध भाडे व भाडेखरेदी यांतील भेद कटाक्षाने पाळावयास हवा. १८९५ साली इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे आलेल्या ‘हेल्बी विरुद्ध मॅथ्यूज’ या खटल्यात छत्तीस मासिक हप्त्यांवर घेतलेला पियानो घेणाऱ्याने सावकाराकडे गहाण टाकला होता. पियानो केव्हाही परत करण्याची त्यास मुभा होती. त्यावरून त्याने खरेदीचा करार केलेलाच नाही व मालकी मूळ मालकाकडेच राहते, असा निर्णय झाला. या तत्त्वाचा दुरुपयोग कसा होऊ शकतो हे १९६५ साली वॉशिंग्टन येथील संघीय अपील न्यायालयापुढे आलेल्या एका फर्निचर दुकानाच्या खटल्यात दिसले. दुकानाचे करार भाडेपट्ट्याच्या स्वरूपात लिहिलेले होते, आणि त्यांतील एका कलमामुळे सर्व वस्तूंची रक्कम फिटेपर्यंत कोणत्याच वस्तूची रक्कम पूर्ण फिटत नसे. १९५७ पासून वस्तू घेत आलेल्या एका अल्प उत्पन्नाच्या स्त्रीचा १९६२ मधील खरेदीचा हप्ता थकताच दुकानाने जुन्या वस्तूंवरही हक्क सांगितला. करार करतेवेळी तो असह्यपणे अन्यायकारक असेल, तर न्यायालयाने त्याची अंमलबजावणी करू नये, हे तत्त्व त्या निर्णयाने स्पष्ट केले. भारतात भाडेखरेदीचा स्वतंत्र कायदा १९७२ साली संमत झाला. परंतु तो कधीच अमलात आला नाही, आणि २००५ साली रद्दही झाला.

मासिक भाड्याच्या प्रचलित करारांत ग्राहकास जाचणारे कलम बहुधा मुदतपूर्व समाप्तीचे असते. दीर्घ मुदत पत्करल्यास मासिक दर कमी, पण मुदतीआधी सामान परत केल्यास दंड, अशी त्याची रचना असते. ज्या अनिश्चिततेपासून सुटका व्हावी म्हणून भाडे पत्करले, तीच या कलमाने भाडेकरूच्या माथी परत येते. कलम ७४ नुसार करारभंगाबद्दल न्यायालय ठरलेल्या रकमेच्या मर्यादेत वाजवी भरपाईच देवविते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमानेही अवाजवी अनामत रक्कम आणि हानीच्या मानाने विषम दंड यांची गणना अनुचित करारात केली आहे. परंतु अनुचित कराराची तक्रार जिल्हा आयोगापुढे नव्हे, तर राज्य वा राष्ट्रीय आयोगापुढे करावी लागते. पाच हजार रुपयांच्या दंडासाठी राज्य आयोगाची पायरी चढणारा भाडेकरू विरळाच.

७. निष्कर्ष

वरील विवेचनावरून एक सामान्य नियम काढता येतो. टिकाऊ वस्तूची मालकी, इतर गोष्टी समान असता, ज्याच्या उपयोगाची मुदत सर्वांत दीर्घ आहे त्याच्याकडे असणे सर्वांत कमी खर्चाचे असते. शहरातील भाड्याच्या सदनिकेत अशी दीर्घ मुदत अल्पकाळ राहणाऱ्या भाडेकरूची नसते. ती घरमालकाची असते. कपाट व पलंग एकदा घरात बसविले, तर ते लागोपाठच्या पाच भाडेकरूंच्या उपयोगी पडतील. त्यांची पाच वेळा ने-आण होणार नाही, की पहिल्या वर्षाची मोठी घटही पाच जणांस स्वतंत्रपणे सोसावी लागणार नाही. नियंत्रित भाड्याच्या काळात मालकाने असे करू नये याला कारण होते. अनुज्ञप्तीच्या करारात शुल्क मुक्तपणे ठरविता येत असल्यामुळे ते कारण आता उरलेले नाही. उरली आहे ती सामान खराब होईल ही धास्ती. घर देताना सामानाची लेखी यादी करून दोघांनी तिच्यावर सह्या केल्यास तीही पुष्कळ अंशी दूर होऊ शकते.

अकरा महिन्यांच्या कराराने घरमालकास जागा परत मिळण्याची निश्चिती लाभते. त्या निश्चितीची किंमत मात्र भाडेकरू देतो. कधी ती घाईने विकलेल्या पलंगाच्या रूपाने दिली जाते, कधी फर्निचरच्या मासिक भाड्याच्या रूपाने. म्हणून फर्निचरच्या भाड्याचा अभ्यास घराच्या मुदतीपासून तोडून करणे अपुरे ठरते. करार अकरा महिन्यांऐवजी तीन वर्षांचे झाले तर किती भाडेकरू पलंग विकत घेतील, हे एखाद्या शहरातील नोंदणीकृत करार व कुटुंबांची पाहणी यांची सांगड घालून तपासता येण्याजोगे आहे. पदव्युत्तर प्रबंधास तो विषय अपुरा पडणार नाही.